गोदावरीचे अपुरे जलपाश

बाभुळगाव तालुक्यातली बेंबळा वर्धेला मिळते. वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला. या साध्या भूगोलावर एकोणिसाव्या शतकात एक मोठे स्वप्न रचले गेले: वऱ्हाडचा कापूस नावेने थेट बंगालच्या उपसागराला न्यायचा. धवळेश्वरचा बांध (१८५२) घालणारे आर्थर कॉटन त्याचे पुरस्कर्ते. (आडनावही कॉटन, हा निव्वळ योग!)

अडचण होती खडकाळ टप्प्यांची. गोदावरीवर दुम्मागुडेम व इंचमपल्ली, प्राणहितेवर देवलमरी. ते टाळायला बांध, बगलेचे कालवे आणि जलपाश हवे होते. जलपाश म्हणजे दोन दारांमधला हौद. नाव आत घेऊन दार लावायचे, पाणी भरून वा सोडून तिला दुसऱ्या पातळीवर न्यायचे. एक दार गळू लागले, गाळात अडकले, की मागची सारी रांग खोळंबते. दुरुस्ती अखंड, खर्चही अखंड.

पण खरा घात मला वेगळाच वाटतो. वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते. सरकी काढून गाठी बांधेपर्यंत हिवाळा सरत येतो आणि नदी उतरलेली असते. पाणी असते तेव्हा माल नाही, माल असतो तेव्हा पाणी नाही. उत्तम राखलेला जलपाशही इथे काय करणार?

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७१ मध्ये वरच्या गोदावरीचे काम सोडून देण्यात आले. एरवी वऱ्हाडचा अडत्या मुंबईऐवजी काकिनाड्याकडे तोंड करून बसला असता. बेंबळेवर आता धरण आहे. त्याच्या कालव्यांतून ओलिताचे पाणी जाते.