उलुवाटूची संध्याकाळ : केचक नृत्य आणि कड्यावरची माकडे

इंडोनेशियातील बाली बेटाच्या दक्षिण टोकाला, हिंदी महासागरात सरळ उतरणाऱ्या सुमारे ७० मीटर उंचीच्या कड्यावर उलुवाटूचे मंदिर आहे. अकराव्या शतकातील मपू कुतुरान या धर्मपुरुषाशी त्याचा संबंध जोडला जातो. सोळाव्या शतकात जावाहून आलेले निरार्थ येथेच मुक्त झाले, अशी बालीतील हिंदूंची श्रद्धा आहे. आवारात जाताना कमरेला सारोंग गुंडाळावे लागते. मात्र बहुतेक पर्यटक येथे येतात ते मावळतीच्या वेळी होणाऱ्या केचक नृत्यासाठी. आणि त्यांची गाठ आधी पडते ती माकडांशी.

केचकमध्ये एकही वाद्य नसते. कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र नेसलेले पन्नासहून अधिक पुरुष दिव्याभोवती वर्तुळात बसतात आणि 'चक् चक् चक्' असा घोष करतात. प्रत्येक गटाची लय निराळी असते, त्या एकमेकींत गुंफल्या की सारे वर्तुळच वाद्य होते. हे पुरुष म्हणजे रामाची वानरसेना. मध्यभागी सुवर्णमृग, सीताहरण, हनुमंताचे लंकेत जाणे असे प्रसंग घडतात. अखेरीस पेटलेल्या नारळाच्या सोडणांतून पांढरा हनुमान उड्या घेतो. पैठण-पाचोडकडे नाथांचे भावार्थ रामायण ऐकत वाढलेल्या माणसाला कथा समजावून सांगावी लागत नाही. काही तपशील मात्र वेगळे वाटतात. कारण या प्रदेशात रुजलेले जुन्या जावी भाषेतील रामायण वाल्मीकींपेक्षा भट्टिकाव्याच्या अधिक जवळचे आहे.

हे नृत्य प्राचीन असल्याचे वाटाडे हमखास सांगतात. ते खरे नाही. प्राचीन आहे तो 'सांग्यांग' हा विधी. रोगराई व अरिष्ट टळावे म्हणून तो होई. त्यात पुरुषांच्या घोषावर मुलींच्या अंगात येत असे. १९३० च्या दशकात बालीत राहणारे जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस आणि बेदुलू गावचे नर्तक वायान लिंबाक यांनी त्या घोषाला रामकथेची जोड देऊन परदेशी प्रेक्षकांना पाहता येईल असा प्रयोग घडवला. (श्पीस यांचा अंत १९४२ मध्ये झाला, जर्मन बंद्यांना नेणारे डच जहाज जपानी हल्ल्यात बुडाले, त्यात ते होते.) युनेस्कोने २०१५ मध्ये बालीच्या पारंपरिक नृत्यांना वारसा यादीत स्थान दिले, तेव्हा सांग्यांग देदारी त्यात आले, केचक आले नाही. म्हणून केचक खोटे ठरत नाही. आपले आजचे संगीत नाटकही फार जुने नव्हे.

पर्यटकांमुळे घडलेला दुसरा खेळ माकडांचा. अजिंठ्याला दिसतात ते काळ्या तोंडाचे वानर. उलुवाटूची ती लांब शेपटीची माकडे. ती चष्मा, टोपी, चप्पल, मोबाइल पळवतात आणि खाऊ मिळाल्याखेरीज परत करत नाहीत. मंदिराचे सेवक फळे देऊन सौदा पुरा करतात. संशोधकांनी याचा बारकाईने अभ्यास केला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पिल्ले हाताला लागेल ते उचलतात. प्रौढ माकडे मात्र माणसाला जे मोलाचे वाटते तेच निवडतात आणि त्यासाठी अधिक खाऊ मिळेपर्यंत थांबतात. ही विद्या पिढ्यान् पिढ्या एकमेकांकडे पाहून शिकली जाते. दर संध्याकाळी तिला खतपाणी घालतो तो आपणच.

गंमत येथे संपते. हिसकाहिसकीत चावा बसू शकतो, आणि बालीत २००८ पासून रेबीज आहे. तो मुख्यतः कुत्र्यांत असला तरी माकडाचा चावा वा ओरखडा किरकोळ समजू नये. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून लशीबाबत निर्णय घ्यावा. भारतात परतेपर्यंत थांबू नये. माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवू नये, दात दिसतील असे हसूही नये. त्याला ते आव्हान वाटते. वस्तू गेलीच तर स्वतः ओढू नये, सेवकाला हाक मारावी.

प्रयोग साधारण सहाच्या सुमारास सुरू होतो व तासभर चालतो. कड्याकाठच्या वाटेने जाताना चष्मा खिशात नव्हे, बंद पिशवीत ठेवावा. खेळ संपतो तेव्हा अंधार पडलेला असतो आणि माकडे झाडांवर गेलेली असतात.