वरसईच्या भटजींचे पुस्तक

मराठी ग्रंथकार कसा घडला याची हकीकत सांगताना आपण बहुधा छापखाना, सरकारी शाळा आणि क्रमिक पुस्तके यांपासून आरंभ करतो. तो आरंभ चुकीचा नाही. पण त्या हकीकतीत दक्षिणेलाही एक जागा आहे. पेशवाईत पुण्यास विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलातही काही काळ चालू राहिली. तिचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा, असा अर्ज १८४९ मध्ये लोकहितवादी प्रभृती मंडळींनी केला आणि पुण्याच्या शास्त्रीवर्गात त्यावरून मोठी खळबळ उडाली. पुढे १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. वेदपठणाला मिळणारे द्रव्य आता पुस्तक लिहिणाऱ्यालाही मिळू लागले. प्रथमच लेखणी हाती धरणाऱ्या कित्येकांना या कमिटीचे पारितोषिक हेच काय ते निमित्त होते.

हा बदल कुलाबा जिल्ह्यातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्यापर्यंत मात्र पोचलेला नव्हता. १८२७ साली जन्मलेला हा वैदिक भिक्षुक, घरावर कर्ज, संसार ओढगस्तीचा. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत अशी वार्ता कानी आली, तेव्हा जुन्याच अर्थाच्या दक्षिणेच्या आशेने, चुलते रामभट यांच्यासह, १८५७ मध्ये ते हिंदुस्थानात निघाले. (कोकणातल्या माणसाला तेव्हा 'हिंदुस्थान' म्हणजे नर्मदेपलीकडचा मुलूख.) त्याच वर्षी बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एकीकडे मराठी कादंबरी जन्मास येत होती. दुसरीकडे, पुढे जो मराठी गद्याचा एक अपूर्व ग्रंथ लिहिणार होता, त्याला आपण लेखक होऊ अशी स्वप्नातही कल्पना नव्हती.

महूच्या सुमारास शिपायांकडून पुढच्या उत्पाताची चाहूल लागली. परत फिरण्यापेक्षा पुढे जाणे त्यांनी पत्करले. पुढची दोनअडीच वर्षे उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट असा फेरा घडला. दक्षिणा मिळाली, ती लुटली गेली, पुन्हा मिळाली, पुन्हा गेली. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा भटजी शहरातच होते.

यानंतर सुमारे पाव शतक त्यांनी या प्रवासाबद्दल काही लिहिले नाही. सांगितले मात्र पुष्कळ असावे. पुस्तकाची धाटणीच तशी आहे. वैद्यांच्या घराण्याशी त्यांचा संबंध उपाध्येपणाचा, आणि त्या घरातील चिंतामण विनायक वैद्य या तरुणाने हे सारे लिहून काढण्याचा आग्रह धरला. १८८३ च्या सुमारास भटजी लिहावयास बसले, तेव्हा त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे होते आणि वैद्य अवघे बाविशीचे. मराठी गद्यात त्या वेळी 'निबंधमाले'चा दरारा होता, 'केसरी'ला दोन वर्षे झाली होती, आदल्याच वर्षी ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' निघाली होती. या घडामोडीचा लवलेश गोडसे भटजींच्या लिहिण्यात आढळत नाही. त्यांच्यासमोर वाचक नव्हता. ओसरीवर बसलेला श्रोता होता.

पहिलटकर लेखकाची जी अडचण म्हणून आपण समजतो, ती येथे सामर्थ्य ठरली, असे माझे मत आहे. काय लिहिण्याजोगे आणि काय नाही, याचे संकेत त्यांना ठाऊकच नव्हते. म्हणून यज्ञाची तयारी, जेवणावळी, मिळालेली दक्षिणा, राणीचा व्यायाम आणि स्नान, आणि गल्लीबोळांतली कत्तल ही सारी एकाच सुरात येतात. झाशीची लूट ते भिक्षुकाच्या नजरेने टिपतात: आधी सोनेनाणे गेले, मग भांडी, मग कापडचोपड, मग धान्य. घरात काय काय असते हे ज्याने दारोदारी जाऊन पाहिले, तोच लुटीचा असा क्रम सांगू शकतो. काल्पीच्या वाटेवर राणी लक्ष्मीबाई विहिरीपाशी भेटली, तहानलेली आणि धुळीने माखलेली. भटजी पाणी शेंदू लागले, पण तिने ब्राह्मणाकडून ते करवून न घेता स्वतःच पाणी काढले. हा प्रसंग ते काही ओळींत सांगून पुढे जातात. एखाद्या सराईत लेखकाने त्यावर प्रकरण रचले असते.

ऐकीव गोष्टी ते पाहिलेल्याइतक्याच विश्वासाने सांगतात, आणि पंचवीस वर्षांच्या स्मृतीत कालक्रम ढिला झाला आहे, हे खरे. अभ्यासकाने येथे सावध राहिले पाहिजे.

पण या पुस्तकाची खरी व्यथा निराळी आहे. हस्तलिखित वैद्यांच्या हाती गेले आणि पडून राहिले. बंडाची हकीकत एका भिक्षुकाने सहानुभूतीने सांगावी, हे त्या काळी निर्धोक नव्हते. 'माझा प्रवास' छापून निघाला तो १९०७ मध्ये. तोवर लेखक निवर्तला होता. शिवाय जे छापले गेले ते वैद्यांनी संस्कार केलेले होते. भाषा नीटनेटकी झाली होती, काही मजकूर गळला होता. वैद्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या आग्रहावाचून हे पुस्तकच झाले नसते, आणि मूळ लिखाण फाडून न टाकता त्यांनी १९२२ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले, हेही विसरता येत नाही. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ संहिता १९६६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे भटजींचा आवाज वाचकांपर्यंत पोचला. लिहिण्यास हात घातल्यापासून सुमारे त्र्याऐंशी वर्षांनी!

याच शतकात बंगालमध्ये राससुंदरी देवींनी 'चैतन्यभागवता'चे एक पान स्वयंपाकघरात लपवून, मुलाने गिरवलेल्या अक्षरांशी ताडून पाहत, चोरून वाचन साधले आणि उतारवयात 'आमार जीवन' लिहिले. त्यांना अक्षर मिळवण्यासाठी जे सोसावे लागले, ते गोडसे भटजींच्या वाट्यास आले नाही. पुरुष आणि ब्राह्मण म्हणून अक्षर त्यांना जन्मतःच मोकळे होते. मात्र राससुंदरींना आपले पुस्तक हातात घेता आले.

अमृतलाल नागर यांनी 'आँखों देखा गदर' या नावाने हा प्रवास हिंदीत नेला. एकविसाव्या शतकात त्याची इंग्रजी भाषांतरेही झाली. झाशीच्या इतिहासकाराला आज तो टाळता येत नाही. खुद्द भटजींच्या लेखी मात्र प्रवासाचे फलित झाशी नव्हते. लुटीतून जगून ते गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन वरसईस परतले आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. यज्ञाची दक्षिणा वाटेतच गेली होती. कावड तेवढी घरी पोचली.