पुतळा फासावर, प्रशिक्षक जागेवर : नॉर्थ कॅरोलायना, १९६१–६७

१/
६ जानेवारी १९६५. वेक फॉरेस्टविरुद्ध १०७–८५ असा दणदणीत पराभव पत्करून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ रात्री बसने चॅपेल हिलला परतला. व्यायामशाळेसमोर झाडाला एक पुतळा फासावर लटकत होता. तो त्यांच्याच प्रशिक्षकाचा, ३३ वर्षांच्या डीन स्मिथ यांचा होता. लटकवणारे त्यांच्याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते.

२/
बिली कनिंगहॅम हा संघाचा प्रमुख खेळाडू बसमधून उतरून धावला आणि त्याने तो पुतळा ओढून खाली पाडला. पुढे स्मिथ अमेरिकेतील सर्वश्रेष्ठ प्रशिक्षकांत गणले गेले. मग त्या रात्री त्यांची अवस्था अशी का झाली होती? आणि त्यांची नोकरी टिकली कशी? उत्तरासाठी आठ वर्षे मागे जावे लागते.

३/
१९५७ साली याच विद्यापीठाने ३२ पैकी ३२ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात तीनदा जादा वेळ खेळवावा लागला आणि विल्ट चेंबरलेनच्या कॅन्सस संघावर ५४–५३ अशी मात झाली. प्रशिक्षक होते फ्रँक मॅग्वायर. त्यांचे पाचही मुख्य खेळाडू न्यूयॉर्क परिसरातून आणलेले होते. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

४/
वैभवाला उतरती कळा लागली ती १९६१ मध्ये. खेळाडूंच्या भरतीतील नियमभंगाबद्दल एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा नियामक संस्थेने विद्यापीठावर एका वर्षाची कारवाई केली. त्यापाठोपाठ त्याहून मोठे वादळ आले. सट्टेबाजांकडून पैसे घेणाऱ्या खेळाडूंचे प्रकरण उघडकीस आले.

५/
हा प्रकार इंग्रजीत ‘पॉइंट शेव्हिंग’ म्हणून ओळखला जातो. यात सामना हरण्याची गरज नसते. सट्टा जिंकण्या-हरण्यावर नसून गुणांच्या फरकावर लागलेला असतो. संघ १२ गुणांनी जिंकेल असा अंदाज असताना खेळाडूंनी जाणूनबुजून विजय ५ गुणांवर आणला, की सट्टेबाजाची चांदी. क्रिकेटमधील स्पॉट फिक्सिंगचेच हे भावंड.

६/
राज्य विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम फ्रायडे यांनी यावर कठोर उपाय योजले. रॅले शहरात डिसेंबरमध्ये भरणारी ‘डिक्सी क्लासिक’ ही अत्यंत लोकप्रिय स्पर्धा कायमची बंद झाली. नियमित हंगामातील सामने १६ वर आले. परिसराबाहेरून वर्षाला दोनच खेळाडू घेण्याची मर्यादा आली. मॅग्वायर यांची न्यूयॉर्कची वाट जवळजवळ बंद झाली.

७/
मॅग्वायर व्यावसायिक संघाकडे निघून गेले. चॅपेल हिलचे चॅन्सेलर, म्हणजे आपल्याकडील कुलगुरूंच्या जागी असलेले, विल्यम एकॉक हे कायद्याचे प्राध्यापक होते. त्यांनी नामवंत प्रशिक्षक शोधण्याऐवजी मॅग्वायर यांच्या ३० वर्षांच्या साहाय्यकाला नेमले. अपेक्षा स्पष्ट होती : संघ नियमाने चालवायचा आणि विद्यापीठाची लाज राखायची.

८/
स्मिथ यांची परंपरा मात्र थोर होती. त्यांचे वडील कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे शालेय प्रशिक्षक होते. १९३४ साली त्यांच्या संघाने राज्य विजेतेपद मिळवले. कृष्णवर्णीय व गौरवर्णीय खेळाडू एकत्र असलेला कॅन्ससचा तो पहिला विजेता संघ. स्मिथ स्वतः कॅन्सस विद्यापीठात फॉग ॲलन यांच्याकडे शिकले. ॲलन यांचे गुरू जेम्स नेस्मिथ, म्हणजे बास्केटबॉलचे जनक.

९/
तरीही निकाल पाहा. १९६१–६२ : ८ विजय, ९ पराभव. १९६२–६३ : १५ विजय, ६ पराभव. १९६३–६४ : १२ विजय, १२ पराभव. दुसऱ्या वर्षी आशा पालवली आणि तिसऱ्या वर्षी कोमेजली. अपराजित संघाची आठवण ताजी असलेल्या प्रेक्षकांना भरतीवरील निर्बंधांशी कर्तव्य नव्हते. त्यांच्यासमोर होता तो फक्त गुणफलक.

१०/
दुसरी अडचण काळाची होती. त्या काळच्या नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. ती मुभा १९७२ मध्ये मिळाली. प्रशिक्षकाने आज पेरलेले पीक दीड-दोन वर्षांनी दिसायचे. पेनसिल्व्हेनियाचा लॅरी मिलर हा गुणी खेळाडू स्मिथ यांनी १९६४ मध्ये मिळवला होता. पुतळा लटकत होता त्या हंगामात तो प्रथम वर्षाच्या संघातच होता.

११/
तिसरी गोष्ट प्रशासनाची. स्मिथ यांना नेमणारे एकॉक १९६४ मध्ये पद सोडून पुन्हा अध्यापनाकडे वळले होते. नव्या चॅन्सेलरांवर जुन्या शब्दाचे बंधन नव्हते. शब्द देणारा माणूस खुर्चीवरून उठला की तो शब्द संस्थेचा राहतो का, ही स्मिथ यांची खरी कसोटी होती.

१२/
पुतळ्याच्या प्रसंगानंतरचा सामना डरहॅम येथे ड्यूकविरुद्ध झाला. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर नॉर्थ कॅरोलायनाने तो जिंकला. हंगाम १५ विजय आणि ९ पराभव असा संपला. कामगिरी साधारणच होती, पण विद्यापीठाने स्मिथ यांना दूर केले नाही.

१३/
पीक हाती आले ते १९६७ मध्ये. बॉब लुईस आणि लॅरी मिलर यांच्या बळावर संघाने अटलांटिक कोस्ट परिषदेचे विजेतेपद जिंकले आणि राष्ट्रीय उपान्त्य फेरी गाठली. १९६८ आणि १९६९ मध्येही हेच घडले. १९६८ च्या अंतिम सामन्यात यूसीएलएने त्यांना ७८–५५ असे हरवले, पण आता पुतळे बांधण्याचे कारण कोणाला उरले नव्हते.

१४/
याच काळात गुणफलकावर न दिसणारा एक बदल घडला. १९६६ मध्ये चार्ली स्कॉट विद्यापीठात दाखल झाला. क्रीडा शिष्यवृत्ती मिळालेला तो तेथील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. वंशविभाजनाचे कायदे नुकतेच मोडीत निघालेल्या दक्षिणेत ही लहान गोष्ट नव्हती. एम्पोरियातील वडिलांचा धडा मुलाने चॅपेल हिलला गिरवला.

१५/
१९९७ मध्ये निवृत्त होताना स्मिथ यांच्या नावावर ८७९ विजय आणि दोन राष्ट्रीय विजेतेपदे होती : १९८२ आणि १९९३. पैकी १९८२ चा निर्णायक गोल मायकेल जॉर्डन नावाच्या प्रथम वर्षाच्या मुलाने केला, कारण तोपर्यंत नियम बदलला होता. ८–९ हा पहिलाच हंगाम त्यांच्या कारकिर्दीतील एकमेव तोट्याचा हंगाम ठरला.

१६/
यातून ‘धीर धरला की यश येतेच’ असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. धीर धरूनही काही न मिळालेल्या संस्था कमी नसतील. इतिहास येथे एवढेच सांगतो : माणसाला एक काम सोपवून दुसऱ्याच मापाने तोलू नये. स्मिथ यांना १९६१ मध्ये डागाळलेला संघ स्वच्छ करायला सांगितले होते. ते काम त्यांनी पहिल्या दिवसापासून केले. विजय मागाहून आले.

१७/
जाता जाता एक नोंद. कॅन्ससच्या आजवरच्या सर्व पुरुष संघ प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला एकच आहे : ५५ विजय, ६० पराभव. त्याचे नाव जेम्स नेस्मिथ. ज्याने हा खेळ निर्माण केला, तोच.