पडद्यामागचा सल्लागार : रामेश्वरनाथ काव

राज्यकारभाराच्या इतिहासात दोन प्रकारची माणसे आढळतात. काहींची नावे तहनाम्यांवर व फर्मानांवर असतात. काहींची कोठेच नसतात, पण तहनाम्यावर सही करणाऱ्याचा हात कोणत्या बातमीने हलला, हे त्यांनाच ठाऊक असते. कौटिल्याने गूढपुरुषांची व्यवस्था सविस्तर सांगितली आहे, आणि तिघांच्या बातम्या एकमेकींशी जुळल्या तरच विश्वास ठेवावा असा दंडकही घालून दिला आहे. गुप्त बातमी हे राज्याचे बळ आहे आणि तोच राज्याचा धोकाही आहे, हे त्याने ओळखले होते. स्वतंत्र भारतात हे बळ आणि हा धोका दोन्ही ज्यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतात, त्या रामेश्वरनाथ काव यांच्याविषयी येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

काव यांचा जन्म १९१८ साली बनारस येथे एका काश्मिरी पंडित कुटुंबात झाला. वडील लहानपणीच वारले. काकांनी सांभाळ केला, आणि शालेय शिक्षण बडोद्यास झाले. सयाजीराव गायकवाडांच्या त्या बडोद्यातून ते १९३२ साली मॅट्रिक झाले. पुढे लखनौ व अलाहाबाद येथे शिकून इंग्रजी वाङ्मयाचे एम. ए. झाले, आणि १९४० साली पोलीस खात्यात शिरले. १९४७ साली त्यांची नेमणूक केंद्राच्या गुप्तवार्ता विभागात झाली. तेथे त्यांच्याकडे आलेले काम होते बड्या व्यक्तींच्या, आणि त्यांत पंतप्रधान नेहरूंच्या, संरक्षणाचे.

त्यांची पहिली मोठी कसोटी लागली ती १९५५ साली. ११ एप्रिल रोजी एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान चिनी प्रतिनिधींना व पत्रकारांना घेऊन हाँगकाँगहून बांडुंग परिषदेसाठी निघाले. वाटेत आकाशात स्फोट झाला आणि विमान समुद्रात कोसळले. एकोणीसपैकी सोळा माणसे गेली. विमानाचे कप्तान जटार त्यांत होते. कर्णिक, दीक्षित व पाठक हे तिघे कर्मचारी तेवढे बचावले. ही नावे वाचताना मराठी माणसाला हे प्रकरण परके वाटत नाही. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय याच विमानाने जाणार अशी समजूत होती, पण ते त्यात नव्हते. चौकशीसाठी नेहरूंनी काव यांना पाठविले. ब्रिटिशांच्या ताब्यातील हाँगकाँग, संशयी चीन आणि विमानाचा मालक भारत, अशा तिघांच्या मधोमध उभे राहून हे काम करावयाचे होते. चाकाच्या खोबणीत कालबाँब ठेवला होता, हे सिद्ध झाले. संशय विमानतळावरील एका सफाई कामगारावर आला. तो तोपर्यंत तैवानला निसटला होता. गुन्हेगार हाती आला नाही, परंतु काव यांच्या कामावर चौ एन लाय संतुष्ट झाले. वयाच्या सदतिसाव्या वर्षी हा अधिकारी दोन पंतप्रधानांच्या विश्वासास पात्र ठरला. पुढे घानाचे नेते न्क्रुमा यांना आपल्या नव्या राष्ट्रासाठी गुप्तवार्ता खाते उभारावयाचे होते, तेव्हा तेथेही काव यांनाच धाडण्यात आले.

१९६२ च्या चिनी आक्रमणाने आणि १९६५ च्या युद्धाने एक गोष्ट उघड केली. देशांतर्गत बंदोबस्त पाहणाऱ्या खात्याने परदेशाची बातमीही आणावी, ही व्यवस्था पुरी पडत नव्हती. १९६३ साली हवाई टेहळणीसाठी एक स्वतंत्र केंद्र निघाले. त्याचे पहिले प्रमुख काव होते. २१ सप्टेंबर १९६८ रोजी इंदिरा गांधींनी परदेशी बातम्यांसाठी ‘रिसर्च अँड ॲनालिसिस विंग’ हे वेगळे खाते काढले. ते मंत्रिमंडळ सचिवालयाच्या छत्राखाली ठेवले होते, पण त्याचा खरा धागा थेट पंतप्रधानांपर्यंत जात होता. संसदेने त्यासाठी कायदा केला नाही. एका आदेशाने ते अस्तित्वात आले. ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढील कथेची गाठ तेथेच आहे.

तीन वर्षांच्या आत या खात्याची परीक्षा झाली. २५ मार्च १९७१ रोजी पूर्व बंगालात पाकिस्तानी लष्कराने कत्तल आरंभिली आणि निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले. वर्षअखेर त्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. मुक्तिवाहिनीला उभे करण्यात सैन्याबरोबर काव यांच्या खात्याचाही हात होता. चितगावच्या डोंगराळ मुलखात तिबेटी जवानांचे विशेष सीमा दल मेजर जनरल उबान यांच्या हाताखाली लढले, तेही या गुप्त व्यवस्थेचेच अंग. १६ डिसेंबर रोजी ढाक्यात पाकिस्तानी सेना शरण आली. जनतेने माणेकशांचा आणि इंदिराजींचा जयजयकार केला. आणि ते योग्यच होते. काव यांचे नाव मात्र सामान्य माणसाच्या कानावरही गेले नाही. त्यांचीही तशीच इच्छा होती.

परंतु सल्लागाराची खरी किंमत विजयात कळत नाही. त्याचे कडू बोलणे ऐकून घेण्यास कोणी तयार नसते, तेव्हा ती कळते. १९७४ च्या डिसेंबरात काव स्वतः ढाक्यास गेले आणि बांगलादेशाच्या लष्करातील काही अधिकारी कट करीत आहेत, अशी सूचना त्यांनी शेख मुजीबुर रहमान यांना दिली. ही तर माझीच मुले, ती माझे वाईट करणार नाहीत, अशा अर्थाचे बोलून मुजीबांनी ती सूचना उडवून लावली. हे काव यांनीच पुढे सांगितले आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी मुजीब यांची कुटुंबासह हत्या झाली. बातमी खरी असून भागत नाही. ती ऐकणारा कानही लागतो.

त्याच वर्षी भारतात आणीबाणी आली. आता या खात्याच्या उभारणीतील उणीव दिसू लागली. जे खाते कायद्याला नव्हे तर एका व्यक्तीला जबाबदार असते, त्यावर त्या व्यक्तीच्या प्रत्येक कृत्याची सावली पडते. आणीबाणीत हे खाते विरोधकांविरुद्ध वापरले गेले, असा संशय पसरला. १९७७ साली मोरारजी देसाई सत्तेवर आले, काव पायउतार झाले, आणि खात्याच्या खर्चास व माणसांस कात्री लागली. संशय खरा होता की खोटा, याचा निवाडा लोकांसमोर कधी झालाच नाही. आमच्या मते तो न होणे हीच मोठी हानी होय. खाते निर्दोष असेल तर त्याला निर्दोषत्वाचा पुरावा देण्याची जागा नव्हती. दोषी असेल तर त्याला जाब विचारणारे कोणी नव्हते. वर्षानुवर्षे जमविलेली माणसे व साधने मात्र राजकीय वाऱ्याबरोबर विखुरली.

इंदिरा गांधी परतल्या आणि १९८१ साली काव त्यांचे सुरक्षा सल्लागार म्हणून पुन्हा आले. पुढची तीन वर्षे पंजाबच्या वणव्याची होती. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्कर शिरले, आणि ३१ ऑक्टोबर रोजी पंतप्रधानांच्या स्वतःच्याच रक्षकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. नेहरूंच्या संरक्षणापासून ज्याची दिल्लीतील कारकीर्द सुरू झाली, त्याच्या सल्लागारपणाचा शेवट नेहरूकन्येच्या हत्येने व्हावा, याहून दारुण योग कोणता? काव यांनी ते पद सोडले. २० जानेवारी २००२ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. आपली बाजू मांडणारे आत्मचरित्र त्यांनी छापले नाही.

या मौनाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हीही त्याचा आदर करतो. मुलाखती देत फिरणारा हेर हा हेरच नव्हे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबता कामा नये. नाना फडणीसांसारख्या सावध पुरुषाचे मेणवली दप्तर मागे राहिले, म्हणून आपण त्यांच्या राजकारणाचा न्यायनिवाडा करू शकतो. वकिलांची पत्रे आहेत, अखबार आहेत. नानांची चूकही दिसते आणि थोरवीही दिसते. काव यांच्या बाबतीत आपल्या हाती सहकाऱ्यांच्या आठवणी आहेत, आणि त्यांत भक्ती अधिक आहे. त्यांच्या खात्याला माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातून बहुतांशी सूट आहे. ब्रिटनने आपल्या परदेशी गुप्तवार्ता खात्याला १९९४ साली कायद्याच्या चौकटीत आणले आणि संसद सदस्यांची समिती त्यावर नेमली. अमेरिकेत १९७५ साली सिनेटने हेरखात्यांची झडती घेतली. या देशांची हेरखाती त्यामुळे बंद पडली नाहीत. आपल्याकडे १९९८ साली राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद निर्माण झाले, तेव्हा काव ज्या जागी आडोशाला उभे होते ती जागा उजेडात आली. मात्र त्या खात्याला कायद्याचा पाया अद्याप मिळालेला नाही.

काव यांच्यासारखा संयमी माणूस मिळणे हे राष्ट्राचे भाग्य होय. पण भाग्यावर राज्य चालत नाही. संयम माणसाच्या स्वभावात असला तर तो त्या माणसाबरोबर जातो; कायद्यात असला तर तो पुढच्या माणसालाही लागू पडतो. ज्या सल्लागाराला कोणी पाहत नाही त्याला सत्तेसमोर सत्य बोलावयाचे असेल, तर त्याच्या पाठीशी मालकाची मर्जी नव्हे, विधीचा आधार हवा. आणि ठरावीक वर्षांनंतर त्याची कागदपत्रे जनतेच्या हाती पडली पाहिजेत. तसे झाले म्हणजे काव यांच्या स्तुतीची किंवा निंदेची गरज उरणार नाही. त्यांचे मोजमाप त्यांच्या कामावरूनच करता येईल.