तळटीप : कॉफीची झाडे उपटली

* ‘कॉफीची झाडे उपटली’ : रवांडाच्या शेतकऱ्यासाठी हे केवढे धाडस होते, ते मूळ मजकुरातल्या एका ओळीवरून कळत नाही. बेल्जियन अमदानीत, १९३०च्या दशकात, कॉफीची लागवड सक्तीने करवली गेली. १९६२मध्ये स्वातंत्र्य आले तरी सक्ती उठली नाही. झाड उपटले किंवा त्याची हेळसांड केली तर दंड होई. मधल्या जागेत घेवडा लावायला मनाई. उलट बुंध्याभोवती केळीच्या पानांचे, गवताचे आच्छादन घालायचे, आणि ते घातले की नाही हे बघायला सरकारी माणूस शेतावर येणार. ज्याच्याकडे जेमतेम घरच्या पोटापुरती जमीन, त्याला हा जुलूमच होता. शिवाय विक्रीचा दर सरकार ठरवी. जगात भाव चढला तरी शेतकऱ्याच्या पदरात त्यातले फारच थोडे पडे.

जुलै १९८९मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली निर्यात-कोट्याची पद्धत मोडली आणि भाव काही महिन्यांत निम्म्यावर आले. परकीय चलनासाठी मुख्यतः कॉफीवरच विसंबलेल्या राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांच्या सरकारने १९९०मध्ये शेतकऱ्याचा दर किलोमागे १२५ फ्रँकवरून १०० फ्रँकवर आणला. झाडे उपटली गेली ती यानंतर. त्या जागी खाण्याची पिके आली.

१९९४च्या नरसंहाराचे खापर कॉफीच्या भावावर फोडणारे लेखन अधूनमधून वाचनात येते. ते आम्हाला मान्य नाही. तो संहार माणसांनी योजून केला. मात्र आधीच्या वर्षांत खेड्यांतली हलाखी का वाढली, हे कॉफीवाचून समजत नाही. — संपा.