संसार चेन्नईत, नागरिकत्व परदेशाचे : जोडीदाराच्या स्थायी निवासासाठी प्रायोजक कोण होऊ शकतो?

चेन्नई : कॅनडाचे नागरिकत्व किंवा तेथील स्थायी निवासाचा दर्जा हाती आहे; पण नोकरी, आईवडिलांचे आजारपण किंवा विवाह यामुळे मुक्काम भारतात आहे. अशा व्यक्तीला आपल्या भारतीय जोडीदाराच्या स्थायी निवासासाठी येथूनच अर्ज करता येतो का? उत्तर तिच्या दर्जावर अवलंबून आहे. कॅनडाचा नागरिक चेन्नईत राहूनही पती वा पत्नीचा प्रायोजक होऊ शकतो. केवळ स्थायी निवासी, म्हणजे ‘पीआर’ असलेल्या व्यक्तीला ही मुभा नाही. तिला आधी कॅनडात परतून तेथे वास्तव्य करावे लागते.

२००२ मध्ये लागू झालेल्या कॅनडाच्या स्थलांतर नियमावलीतील १३०व्या नियमात हा भेद केलेला आहे. व्यवहारात तो अनेक दांपत्यांना जाचक ठरतो. पीआर कायम राखण्यासाठी पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात काढावे लागतात. पीआरधारक पती भारतीय पत्नीसोबत चेन्नईत राहिला, तर हे दिवस मोजले जात नाहीत आणि तिच्यासाठी अर्जही करता येत नाही. उलट परदेशात कॅनडाच्या नागरिक असलेल्या जोडीदारासोबत राहणाऱ्या पीआरधारकाचे दिवस कॅनडातील वास्तव्य म्हणून धरले जातात. त्यामुळे नागरिकत्वास पात्र ठरण्यास थोडाच अवधी उरला असेल, तर भारतात परतण्याची घाई न करणे हिताचे.

नागरिक असलेल्या प्रायोजकावरही एक अट आहे. जोडीदाराला स्थायी निवास मिळेल तेव्हा आपण कॅनडात राहणार आहोत, हे त्याला पटवून द्यावे लागते. तेथील नियोक्त्याचे पत्र, शिक्षणसंस्थेतील प्रवेशाचे पत्र, भाड्याने वा विकत घेतलेल्या घराचे कागद, भारतातील नोकरी वा घर सोडण्याच्या तयारीचा पुरावा अशी कागदपत्रे यासाठी ग्राह्य धरली जातात. ‘यथावकाश परतू’ एवढ्या आश्वासनावर काम भागत नाही. प्रायोजक क्युबेकमध्ये राहणार असेल, तर त्या प्रांताची हमीपत्राची प्रक्रिया वेगळी आहे.

अर्जापूर्वी सर्वांत आधी तपासण्याची गोष्ट म्हणजे प्रायोजकाचा स्वतःचा जुना अर्ज. पीआरसाठीचा व्हिसा हाती आला, कॅनडात दाखल व्हायला दोन महिने उरले आणि तेवढ्यात घरच्यांनी लग्न उरकून घेतले, ही आपल्याकडे अपूर्वाईची गोष्ट नाही. मात्र कॅनडात पाऊल ठेवण्यापूर्वी हा विवाह तेथील स्थलांतर विभागाला कळवला नसेल आणि त्यामुळे पत्नीची तपासणी झाली नसेल, तर नियमावलीच्या ११७व्या नियमानुसार ती कुटुंब वर्गातून वगळली जाते. मग विवाह कितीही खरा असो, नेहमीच्या मार्गाने तिचे प्रायोजकत्व घेता येत नाही. काही विशिष्ट गटांना यातून तात्पुरती सवलत देण्यात आली आहे. एरवी मानवतेच्या आधारावर विनंती करण्याचा अनिश्चित मार्ग उरतो. एका न कळवलेल्या तारखेची ही किंमत फार मोठी आहे.

विवाहाच्या खरेपणाची कसोटी स्वतंत्र आहे. ३० सप्टेंबर २०१० पासून ती कडक झाली. विवाह खरा नसणे किंवा तो मुख्यतः स्थलांतराचा लाभ मिळवण्यासाठी केलेला असणे, यांपैकी एक गोष्ट आढळली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो; पूर्वी दोन्ही बाबी लागत. ठरवून केलेले लग्न हा दोष मानला जात नाही. तथापि पहिली भेट आणि विवाह यांत पंधरवड्याचेच अंतर असेल, तर स्थळ कोणी सुचवले, बोलणी कोठे झाली, दोन्हीकडचे कोण उपस्थित होते, त्यानंतर संपर्क कसा राहिला हे सविस्तर लिहिणे श्रेयस्कर. लग्नपत्रिका, छायाचित्रे, एकत्र राहिल्याचे पुरावे, संभाषणाच्या नोंदी येथे उपयोगी पडतात. एकत्र संसार चालू असलेल्या दांपत्याची बाजू याबाबत साहजिकच भक्कम असते. साखरपुडा मात्र पुरेसा नाही; वाग्दत्त वधू-वरांसाठी कॅनडात वेगळा वर्ग नाही. दूरध्वनीवरून वा प्रतिनिधीमार्फत लावलेला विवाहही २०१५ पासून सामान्यतः मान्य होत नाही.

परदेशातून केलेला असा अर्ज फेटाळला गेल्यास प्रायोजकाला ३० दिवसांत स्थलांतर अपील विभागाकडे दाद मागता येते. जोडीदार कॅनडातच राहत असताना ‘कॅनडातील पती-पत्नी’ या वर्गात केलेल्या अर्जाला हा अपिलाचा अधिकार नाही. वर्ग निवडताना ही बाब अनेकदा नजरेतून सुटते.

चेन्नईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची खरी दमछाक होते ती कागदपत्रांत. तामिळनाडूत २००९ च्या कायद्याने विवाहनोंदणी सक्तीची असून त्यासाठी विवाहापासून ९० दिवसांची मुदत आहे. लग्न महाराष्ट्रात झाले असेल, तर नोंदणी तेथे होते. प्रमाणपत्र मराठीत किंवा तमिळमध्ये असल्यास इंग्रजी वा फ्रेंच भाषांतर जोडावे लागते आणि ते अर्जदाराने किंवा त्याच्या नातेवाइकाने केलेले चालत नाही. नावांचा घोळ तर ठरलेलाच. मराठी माणूस नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशा तीन पदांत ओळख सांगतो. तमिळ कुटुंबांत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावण्याची रीत आहे आणि कित्येकांच्या पारपत्रावर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. त्यात विवाहानंतर नाव बदलले, तर प्रमाणपत्रावरील आणि पारपत्रावरील व्यक्ती एकच, हे सिद्ध करणे हे वेगळेच काम होऊन बसते. सर्व कागदांवरील नाव अर्जापूर्वीच जुळवून घेतलेले बरे. याखेरीज पारपत्र कार्यालयाकडून मिळणारा पोलीस दाखला, नेमून दिलेल्या डॉक्टरकडील वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे आवश्यक असतात.

जोडीदारासाठी किमान उत्पन्नाची अट कॅनडा सहसा घालत नाही. मात्र प्रायोजकाला तीन वर्षांचे हमीपत्र द्यावे लागते. या काळात जोडीदाराने सरकारी निर्वाहसाहाय्य घेतले, तर ती रक्कम प्रायोजकाकडून वसूल होऊ शकते. नोकरी गेली वा घटस्फोट झाला, तरी हमी संपत नाही. दुसरीकडे, नव्या विवाहातील जोडीदाराला दोन वर्षे एकत्र राहण्याच्या अटीवर पीआर देण्याची २०१२ मध्ये आणलेली तरतूद एप्रिल २०१७ मध्ये रद्द झाली. छळ सोसणारी व्यक्ती, बहुधा पत्नी, दर्जा जाण्याच्या भीतीने घर सोडत नाही, हा आक्षेप त्यामागे होता.

अमेरिकेत अशी अट आजही आहे. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी ग्रीन कार्ड मिळाल्यास ते दोन वर्षांपुरते सशर्त असते. नागरिक प्रायोजक भारतात राहत असेल, तर त्याला अमेरिकेतील अधिवास किंवा तो पुन्हा प्रस्थापित करण्याचा इरादा दाखवावा लागतो, तसेच उत्पन्न सामान्यतः दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असल्याचे सिद्ध करावे लागते. ब्रिटनची पद्धत त्याहून महागडी आहे : एप्रिल २०२४ पासून किमान वार्षिक उत्पन्नाची अट १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर गेली आणि जोडीदाराला लगेच स्थायी निवास न मिळता त्यासाठी सामान्यतः पाच वर्षे थांबावे लागते.

अमेरिकेच्या बाबतीत चेन्नईकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. शहरात अमेरिकी वाणिज्य दूतावास आहे आणि नोकरीच्या व्हिसासाठी तेथे मोठी वर्दळ असते. पण जोडीदाराच्या स्थलांतरित व्हिसाची मुलाखत तेथे होत नाही. त्यासाठी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील दूतावासात जावे लागते.