हीटर कोमट, इंजिन गरम? गाडीची कूलिंग सिस्टीम घरच्या घरी अशी तपासा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत गाडीचा हीटर लावतं कोण? आपल्याकडे जवळपास वर्षभर एसीच चालू असतो. हीटरमधून नीट गरम हवा येत नाही हे कळतं ते जानेवारीत, पहाटे कसारा घाट चढून इगतपुरीच्या थंडीत पोचल्यावर. तेव्हाही बरेच जण "दोन दिवसांची थंडी, जाऊ दे" म्हणून सोडून देतात.

पण कोमट हीटर ही कूलंट कमी झाल्याची पहिली खूण असू शकते. तोच दोष एप्रिलमध्ये कल्याण-शीळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापवतो. मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे या विषयाकडे डीबगिंगसारखं बघतो: आधी लक्षण नोंदवा, मग कारण शोधा, पार्ट बदलणं सगळ्यात शेवटी.

सिस्टीम चालते कशी?

वॉटर पंप कूलंट इंजिनमधून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाचा व्हॉल्व्ह रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवतो. साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला तो उघडू लागतो आणि गरम कूलंट रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतो. गाडी उभी असेल तेव्हा हवा ओढायचं काम फॅन करतो.

डॅशबोर्डच्या मागे आणखी एक छोटा रेडिएटर असतो, तो म्हणजे हीटर कोअर. इंजिनमधलं गरम कूलंट त्यातून फिरतं, ब्लोअर त्यावरून हवा सोडतो आणि आपल्याला गरम हवा मिळते. म्हणजे हीटरला वेगळी उष्णता लागत नाही, इंजिनची वाया जाणारी उष्णताच तो वापरतो. म्हणूनच कूलंट नीट फिरतंय का, हे हीटर फुकटात सांगतो.

मोबाईलवर खरं तापमान बघा

हल्ली अनेक गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. थंड इंजिनला निळा दिवा, तापल्यावर लाल दिवा, मधलं काहीच कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे ओबीडी अडॅप्टर. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये तो लावा आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप जोडा. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ अडॅप्टर चालत नाही. वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्या.

गाडी हे तापमान एका बाइटमध्ये पाठवते. आलेल्या आकड्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. त्यामुळे अ‍ॅपवर सतत उणे ४० दिसत असेल तर दोष बहुतेक सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे, इंजिनमध्ये नाही.

इंजिन पूर्ण तापल्यावर बऱ्याच गाड्यांत आकडा ८५ ते १०० च्या आसपास राहतो. तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा एकदा लिहून ठेवा, पुढे तुलना त्याच्याशीच करायची. गाडी चालवताना मोबाईलकडे बघू नका, शेजारी बसलेल्याला वाचायला सांगा.

आधी काय तपासायचं?

१. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. ती मिन आणि मॅक्सच्या खुणांमध्ये हवी. गरम इंजिनवर झाकण कधीही उघडू नका.

२. गाडीखाली आणि पाइपांच्या जोडांवर रंगीत डाग किंवा सुकलेला पांढरट थर दिसतोय का बघा.

३. इंजिन तापू द्या. एसी बंद, तापमानाचा नॉब पूर्ण लालवर, ब्लोअर मध्यम. आता हीटरची हवा हाताने तपासा.

४. एसी लावा. थोड्या वेळात रेडिएटरचा फॅन फिरायला हवा. त्यात हात घालू नका, इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत तो अचानक सुरू होतो.

लक्षणावरून दोष ओळखा

• उभ्या गाडीत हवा कोमट, रेस केल्यावर गरम: कूलंट कमी, सिस्टीममध्ये एअर लॉक किंवा वॉटर पंप अशक्त.

• हायवेवरही तापमान नेहमीपेक्षा कमी आणि हीटर कोमट: थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. अ‍ॅपमध्ये पी०१२८ हा कोड दिसू शकतो.

• तापमान नेहमीचं, पण हीटर कायम कोमट: हीटरचे दोन पाइप काळजीपूर्वक तपासा. एक गरम आणि दुसरा बराच थंड असेल तर हीटर कोअर तुंबलाय. दोन्ही गरम असतील तर डॅशबोर्डमधलं गरम-थंड हवेचं झाकण किंवा त्याची केबल बघायला सांगा.

• हवा गरम, पण जोर नाही: केबिन फिल्टर बदला. घोडबंदर रोडची धूळ रोज खाणाऱ्या गाडीत हेच आधी बघा.

• ट्रॅफिकमध्ये तापते, पळू लागली की उतरते: फॅन, त्याचा रिले किंवा फ्यूज. उभ्या गाडीत एसीही मंद होतो.

• शहरात ठीक, माळशेज किंवा कसारा घाटात तापते: रेडिएटर तुंबलेला किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही.

• गोडसर वास, आतून तेलकट धुरकट काच, पायाखाली चिकट ओल: हीटर कोअर गळतोय. ओल साध्या पाण्याची असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असू शकतो.

• तापमान चढतंय आणि हीटरमधून थंड हवा येतेय: सगळ्यात धोकादायक. कूलंट खूप कमी आहे किंवा फिरतच नाहीये. लगेच थांबा.

सीएनजीवाल्यांनो, हेही बघा

सीएनजी किटमधला रिड्यूसर गॅसचा दाब कमी करतो. तेव्हा तो खूप थंड होतो, म्हणून त्याला कूलंटचे गरम पाइप जोडलेले असतात. बाहेरून किट बसवलं असेल तर हे पाइप बऱ्याचदा हीटरच्या लाइनमधूनच घेतात. किट बसवल्यावर हीटर कोमट झाला असेल तर ते जोड आणि एअर लॉक आधी तपासून घ्या.

रस्त्यात गाडी तापली तर

एसी बंद करा. हीटर आणि ब्लोअर फुल करा. उकडेल, पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडेल. सुरक्षित जागी बाजूला घ्या, हझार्ड लाइट लावा. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली की इंजिन बंद. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका, आतलं दाबाखालचं कूलंट अंगावर उडून गंभीर भाजतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका.

आणि फक्त आकड्यावर विसंबू नका. कूलंट पूर्ण गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि तापमान खोटं कमी दाखवू शकतो. "घर जवळच आहे" म्हणून तापलेली गाडी दामटली तर हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं. काहीशे रुपयांच्या कूलंटचं काम मग हजारोंवर जातं.

पाणी चालेल का?

अडचणीत गॅरेजपर्यंत पोचायला चालेल, इंजिन थंड झाल्यावर. पण बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने आत क्षार साचतात आणि साध्या पाण्याने गंज धरतो. कूलंट गंज रोखतं आणि पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं. रंग बघून कूलंट मिसळू नका, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घ्या. ते विषारी आणि चवीला गोड असतं, म्हणून सांडलेलं लगेच धुवा. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात.

थोडक्यात

महिन्यातून एकदा कूलंटची पातळी बघा आणि पाच मिनिटं हीटर लावा, भर मे महिन्यातसुद्धा. टाकी वारंवार भरावी लागत असेल तर कूलंट कुठेतरी जातंय. वरून भरत राहू नका, गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून गळती शोधून घ्या.